ठक, ठग आणि इंग्रजी ‘थग’

१८६० साली संमत झालेल्या भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात एकाच कुळातले दोन शब्द एकशेपाच कलमांच्या अंतराने बसलेले होते. ३१० व्या कलमात ‘ठग’ होता आणि ४१५ व्या कलमात ‘ठकवणूक’. खून करून किंवा खुनासह जबरी चोरी अथवा मुलांची चोरी करण्यासाठी इतरांशी नित्य संबंध ठेवणारा तो ठग, आणि त्याला शिक्षा जन्मठेपेची. ठकवणूक म्हणजे कोणास फसवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेणे किंवा त्याचे नुकसान होईल असे काही त्याला करावयास लावणे, आणि तिच्या साध्या प्रकारास शिक्षा फार तर एक वर्षाच्या कैदेची. मराठी माणसाच्या कानाला ठक आणि ठकविणारा यांत काही अंतर नाही. मग कायद्याच्या ग्रंथात एकाच्या हाती खोटी हुंडी आणि दुसऱ्याच्या हाती फास का असावा?

याचे उत्तर असे की ४१५ व्या कलमातील शब्द घरातून कधी बाहेर पडलेला नव्हता आणि ३१० व्या कलमातील शब्द इंग्रजीच्या मुलखातून फिरून आलेला होता. इंग्रजीने आपल्याकडून जे शब्द उचलले त्यांत फसवणुकीचा वाचक असा हा प्रमुख शब्द. परंतु त्याला आपलासा करताना इंग्रजीने त्यातील फसवणूकच नेमकी काढून टाकली. हे कसे घडले, हे पाहण्याजोगे आहे. कारण त्यावर काही काळ माणसांचे आयुष्य अवलंबून होते.

प्रथम व्युत्पत्ती. संस्कृतात ‘स्थग्’ हा धातू झाकण्याच्या अर्थाचा. ‘स्थगित’ म्हणजे झाकलेले, बंद केलेले, आणि त्यावरून थांबविलेले. विधानसभेतील स्थगन-प्रस्ताव हा अशा रीतीने ठकाचा भाऊबंद ठरतो. सन्माननीय सभासदांनी यावर रोष धरू नये. संस्कृत कोशांत ‘स्थग’ हा शब्द धूर्त, लबाड या अर्थाने येतो. या ‘स्थगा’पासून ठग आणि ठक झाले, की लोकांच्या तोंडी आधीपासून असलेल्या ठकाच्या खांद्यावर पंडितांनी मागाहून संस्कृत उपरणे टाकले, याविषयी एखादा व्युत्पत्तिकार शंका घेईल. अर्थाच्या बाजूने मात्र हे नाते अगदी स्वाभाविक दिसते. ‘छद्’ म्हणजेही झाकणे. त्यापासून छत्र, आच्छादन आणि छद्म. तेच पांघरूण डोक्यावर धरले तर छत्र, दुसऱ्याच्या डोळ्यांवर धरले तर छद्म. फसवणूक म्हणजे काही हिसकावून घेणे अशी कल्पना या शब्दांच्या मुळाशी नाही. काहीतरी झाकून ठेवणे अशी आहे. ठकविला गेलेला मनुष्य आपल्या हाताने पैसे देतो, आणि म्हणूनच त्याला मागाहून अधिक चरफडावे लागते.

युरोपीय भाषांतील या धातूचे सगेसोयरेही झाकणारेच आहेत. गवती छपराला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात, जहाजाच्या वरच्या तक्तपोशीला ‘डेक’. दोहोंचे मूळ एकच. लॅटिनमध्ये या धातूला उलट अर्थाचा उपसर्ग लागून झाकण काढणे असा अर्थ झाला, आणि त्यातून पुढे इंग्रजीतला ‘डिटेक्टिव्ह’ निघाला. म्हणजे ठग आणि डिटेक्टिव्ह हे एकाच मुळाचे दोन फाटे: एक झाकणारा, दुसरा उघडणारा. ज्या सरकारी खात्याने ठगांचा पाठलाग केला त्या ठगी व डकैती खात्याच्या जागी १९०४ साली मध्यवर्ती गुन्हे-वार्ता खाते आले. शब्दांनी शे-दोनशे पिढ्यांपूर्वी घेतलेली फारकत तेथे पुन्हा भेटीला आली म्हणावयाची.

मराठीत या शब्दाचा संसार मोठा आहे. ठक, ठकडा, ठकबाजी, ठकविणे, ठकसेन. शिवाय ‘ठकास महाठक’ ही म्हण, जिच्यात निंदेपेक्षा कौतुकच अधिक. कन्नडातही ‘ठक्क’ म्हणजे लबाडच. बंगळूरच्या जुन्या पेठेत मराठी आणि कन्नड दुकानदार एकमेकांवर हा आरोप करू लागले तर दुभाष्याची गरज पडणार नाही. कबीराने मायेला ठगिनी म्हटले तेव्हाही त्याच्या मनात गळ्याभोवतीचा रुमाल नव्हता; मायेचा गुन्हा खोटे दाखविण्याचा आहे. त्याहून मागे जावयाचे तर झियाउद्दीन बरनी या चौदाव्या शतकातील इतिहासकाराकडे जावे लागते. दिल्लीत जलालुद्दीन खल्जीच्या कारकिर्दीत सुमारे एक हजार ठग पकडले गेले आणि सुलतानाने त्यांपैकी एकाचाही वध न करता त्यांना नावांत बसवून लखनौतीच्या बाजूला पाठवून दिले, अशी हकीकत त्याने दिली आहे. पुढे ठगांवर लिहिणाऱ्यांनी ही हकीकत आपल्या पंथाचा पहिला दाखला म्हणून मिरविली. पण बरनी गळफासाविषयी काहीच सांगत नाही. एक हजार खुनी माणसांना बंगालच्या प्रवासाला पाठविणारा सुलतान दयाळू ठरण्यापेक्षा वेडा ठरेल. एक हजार भुरट्या लबाडांना शहराबाहेर काढणारा मात्र समजण्यासारखा आहे.

इंग्रजांच्या पहिल्या नोंदींतही हाच अर्थ आढळतो. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत गुजराती, मराठी व इंग्रजी या भाषांच्या व्याकरणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात ड्रमंडचा मुद्दाम हवाला देऊन म्हटले आहे की त्याच्याकडे या शब्दाचा अर्थ लबाड, फसव्या एवढाच आहे. मोल्सवर्थच्या कोशातील ठकही तसाच. पश्चिम हिंदुस्थानात मराठी शिकलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ठक म्हणजे काय, याविषयी मुळीच संभ्रम नव्हता.

संभ्रमाची सुरुवात झाली ती खुन्यांना नाव देण्याची पाळी आली तेव्हा. आणि ती पाळी कंपनीच्या अधिकाऱ्यांवर प्रथम आली ती बंगळूरच्या परिसरात. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्यानंतर लवकरच बंगळूरच्या आसपास सुमारे शंभर माणसे पकडली गेली. वाटसरूंशी ओळख करून, त्यांच्याबरोबर चार मुक्काम चालून, संधी साधून त्यांचा गळा आवळणे आणि प्रेते पुरून टाकणे हा त्यांचा उद्योग. आश्चर्य असे की एवढ्या अटकेने तेव्हा कोणाचे फारसे लक्ष वेधले नाही. देशभर पसरलेल्या एखाद्या पिढीजात पंथाचे हे लोक असावेत अशी शंकाही कोणास आली नाही. १८०७ साली चित्तूर आणि अर्काट यांच्या दरम्यान आणखी एक टोळी सापडली, तेव्हा चौकशीला वेग आला. मद्रासचा शस्त्रवैद्य रिचर्ड शेरवुड याने या माहितीवरून १८१६ साली एक निबंध लिहिला व तो १८२० मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तेराव्या खंडात पुन्हा छापला गेला. या निबंधात खुन्यांचे नाव ‘फांसीगर’ असे आहे.

दक्षिणेत त्यांना जी नावे होती त्यांपैकी कन्नडातले ‘तंती कळ्ळरु’, म्हणजे तातीच्या फासाने चोरी करणारे. तमिळ आणि तेलुगू नावांतही फासच आहे. अर्थात दक्षिणेतील लोकांनी या माणसांना त्यांच्या हत्यारावरून ओळखले, जसे कोणी म्हणेल तलवारबाज, बंदुकवाला. हे नाव काटेकोर होते. फांसीगर म्हटल्यावर त्यात बाजारातला खोटे माप देणारा वाणी येण्याचा संभव नाही आणि दुप्पट नफ्याचे आमिष दाखविणारा सावकारही येत नाही.

उत्तरेत मात्र निराळा शब्द रुळत होता. १८१० च्या एप्रिलमध्ये मेजर जनरल सेंट लेजर याने रजेवर गावी जाणाऱ्या शिपायांना सावधगिरीचा हुकूम काढला. पगाराची शिल्लक कमरेला बांधून निघालेला शिपाई वाटेत नाहीसा होत होता. या हुकुमात मारेकऱ्यांना ‘थग’ म्हटले आहे. गंगा-यमुनेच्या प्रदेशातील लोकांनी तो शब्द का वापरला असेल हे उघड आहे: वाटसरूला गोड बोलून सोबतीस घेणे ही त्या कृत्यातील लक्षात राहण्याजोगी गोष्ट. गळा आवळण्याला क्षण पुरतो, विश्वास संपादन करण्यास आठवडा लागतो. लोकांनी आठवड्यावरून नाव दिले.

दोन नावांत टिकले ते दुसरे. त्याचे श्रेय किंवा दोष विल्यम हेन्री स्लीमन याच्याकडे जातो. हा मनुष्य मोठा विलक्षण. ज्या माणसांना तो पकडीत होता त्यांचा त्याने शब्दकोश तयार केला. ‘रामसीआना’ हे त्याचे १८३६ साली कलकत्त्यात छापलेले पुस्तक म्हणजे प्रथमतः ठगांच्या सांकेतिक बोलीची शब्दसूची आहे. कबुलीजबाब तिच्या पाठोपाठ येतात. गुन्हेगारांचा बंदोबस्त करण्यासाठी निघालेला अधिकारी कोशरचनेपासून आरंभ करतो हे दृश्य कोणाही भाषाभ्यासकास मोह पाडणारे आहे, आणि म्हणूनच ते जरा सावधपणे पाहावे. या सूचीत फास टाकणाऱ्याला ‘भुरतोट’ आणि वाटसरूला बोलण्यात गुंतवून टोळीत आणणाऱ्याला ‘सोथा’ म्हटले आहे. म्हणजे ज्याला मराठीत आपण ठक म्हणू तो टोळीतला केवळ एक जण, सोथा. आणखी लक्षणीय हे की आपल्या माणसाला या बोलीत ‘बोरा’ म्हणत. ठग हे बाहेरच्यांनी दिलेले नाव होते. तेही निंदाव्यंजक, आणि निंदाव्यंजक शब्दांचा गुण असा की ते कोणालाही लागतात.

हा सैलपणा बोलीत खपतो, कायद्यात खपू नये. पण १८३६ साली तो खपला. त्या वर्षीच्या तिसाव्या अधिनियमाने असे ठरविले की जो कोणी ठगांच्या टोळीत सामील होता असे सिद्ध होईल, मग ते अधिनियमापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्याला सक्तमजुरीसह जन्माची कैद. अमुक खून याने केला असे दाखविण्याची आवश्यकता उरली नाही. आणि ठग म्हणजे कोण, हे मात्र अधिनियमात कोठेच सांगितलेले नव्हते. मसुदा करणाऱ्याला वाटले असावे की हे सर्वांस ठाऊकच आहे. सर्वांस ठाऊक होते, पण एकच गोष्ट ठाऊक नव्हती. जबलपूरच्या कचेरीत त्या शब्दाचा एक अर्थ होता आणि खेड्यातील पंचाच्या तोंडी दुसरा. ‘हा ठग आहे’ असे कोणी साक्षीत म्हटले तर तो माणूस गळे कापतो असे त्याला म्हणावयाचे होते, की गेल्या बाजारात त्याने खोटा रुपया खपविला असे? माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर जेथे पुष्कळशी मदार होती तेथे हा प्रश्न शाब्दिक राहत नाही. व्याख्या आली ती चोवीस वर्षांनी, वर सांगितलेल्या ३१० व्या कलमात. आणि तिच्यात फसवणुकीचा उल्लेखही नव्हता.

ठगांविषयीच्या इतिहासलेखनाने गेल्या साठ वर्षांत पुष्कळ वळणे घेतली आहेत. स्ट्युअर्ट गॉर्डन याने १९६९ मध्ये या टोळ्यांकडे मराठेशाहीच्या उतरत्या काळातील माळव्याच्या राजकारणातून पाहिले. राधिका सिंघा यांनी या कायद्याची चिकित्सा केली. किम वॅगनर याच्या २००७ च्या ग्रंथात एकीकडे ठगी ही साहेबाची निव्वळ कल्पना होती हे मत आणि दुसरीकडे देवीच्या भक्तांचा देशव्यापी पंथ होता हे मत, ही दोन्ही टोके टाळलेली आहेत. वाटेवर माणसे मारली जात होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या सर्व मारेकऱ्यांना एका शब्दाखाली आणल्यामुळे काय झाले याचा.

इंग्रजी वाङ्मयात या शब्दाचा प्रवेश १८३९ साली दोन दारांनी झाला. निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ ही कादंबरी त्या वर्षी लंडनला निघाली. हाच टेलर पुढे शोरापूरला आणि १८५३ नंतर नळदुर्गला होता. त्याचा नायक अमीर अली हा फार गोड बोलणारा मनुष्य आहे. वाचकालाही तो हळूहळू आपल्या काफिल्यात ओढतो, आणि कादंबरीची खरी भीती तेथे आहे, गळफासात नाही. टेलरला ठक कळला होता. त्याच्या वाचकांनी मात्र फास तेवढा उचलला. त्याच वर्षी कार्लाइलने चार्टिस्ट चळवळीवरील आपल्या पुस्तकात ग्लासगोच्या कामगारांच्या दंगलखोरीला ‘थगरी’ म्हटले. ग्लासगोचे ते सूतकाम करणारे कामगार कोणाला गोड बोलून ठकवीत नव्हते. त्यांच्यावरील आरोप उघड दांडगाईचे होते. मेडोज टेलरच्या पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच ठकाचे पांघरूण गळून पडले आणि इंग्रजीत उरला तो केवळ दांडगा. पुढे अमेरिकेत या शब्दाचे आणखी स्थित्यंतर होऊन तो कृष्णवर्णीय तरुणांवर टाकण्याचे दूषण झाला, आणि त्यांच्यातील काही गायकांनी १९९० नंतर तेच दूषण बिरुदासारखे मिरविले. १८१० चा तो हुकूम काढणाऱ्या जनरलास याची कल्पना करणे कठीण गेले असते.

येथे मराठीने नेमका उलट व्यवहार केलेला आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. आपला ‘फसविणे’ हा शब्द फासाच्या कुळातला. पाशात अडकणे ते फसणे; तेथून चिखलात गाडी फसते आणि बाजारात माणूस फसतो. बंगळूरच्या फांसीगराचे हत्यार मराठीने घेतले आणि त्याची फसवणूक केली. इंग्रजीने फसवणूक घेतली आणि तिचे हत्यार केले.

आणि इंग्रजीचा स्वतःचा ‘चीट’? तोही कचेरीत जन्मलेला आहे. वारस नसलेली मिळकत सरकारजमा होणे याला त्यांच्या जुन्या कायद्यात ‘एस्चीट’ म्हणत. असे दावे हुडकून काढणारे राजाचे अंमलदार इतके बदनाम झाले की त्यांच्या कामाचे नाव मागे पुढे छाटले जाऊन फसविण्याचे नाव होऊन बसले. औरस वारस नाही म्हणून १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर ज्या मराठी मुलखात खालसा झाले, तेथील वाचकाला या व्युत्पत्तीवर टीप देण्याचे कारण नाही. दंड संहितेने आपल्याकडून ठग घेतला व आपल्याला चीट दिला. मराठी अनुवादकाने त्या चीटसाठी पुन्हा ठकालाच बोलाविले. हिशेब पुरा झाला.

अनुवादकाला या सगळ्याचा त्रास रोजचा आहे. इंग्रजी कादंबरीत ‘थग’ आला की मराठीत ‘ठग’ लिहिण्याचा मोह होतो, कारण शब्द आपलाच, लांबून ओळखीचे हसतो. पण त्याच्या जागी गुंड, मवाली, दांडगा यांपैकी कोणीतरी हवा असतो. उलट मराठी कथेतील ठकसेनाला इंग्रजीत ‘थग’ करून पाठविले तर बिचाऱ्याच्या हातात लाठी येते. आणि ऐतिहासिक कादंबरीचा अनुवाद असेल तर गुंडही चालत नाही. तेथे मी ‘ठग’च ठेवतो, कारण शालेय इतिहासाने बेंटिंकच्या सुधारणांत सतीबंदीशेजारी ‘ठगांचा बंदोबस्त’ शिकवून मराठीत हा दुसरा अर्थ वेगळ्या उच्चारासह कायम केला आहे. ठक आपला, ठग स्लीमनचा, अशी ही वाटणी. हिंदीला ती सोय नाही. तेथे ‘ठग’ दोन्ही ओझी वाहतो. २०१८ च्या ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ या हिंदी चित्रपटाला तर स्वतःच्या भाषेतील शब्दाचे अनेकवचन इंग्रजी प्रत्ययाने करावे लागले.

मात्र ही सोय मिरविण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्र उघडून पाहावे. दूरध्वनीवरून बँकेचा क्रमांक विचारून खाते रिकामे करणाऱ्याला हिंदी पत्रे ‘साइबर ठग’ म्हणतात. मराठी पत्रे ठक हा शब्द हाताशी असताना ‘भामटा’ लिहितात. भामटा हे एका समाजाचेही नाव आहे. ठगीच्या कायद्याने जो मार्ग घालून दिला त्यावरून पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ मध्ये तो सर्व देशभर लागू करण्यात आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा ही नोंद आजही आहे. ज्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द आहे तो सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबविले’ हा मथळा वाचतो. ठकाला जात नव्हती. ती लावण्यासाठी एक अधिनियम करावा लागला. भामट्याच्या बाबतीत आपण अधिनियम रद्द झाल्यावरही मथळा बदललेला नाही. संपादकांपुढे पर्याय नाही असेही नाही. ठक आहे, ठकसेन आहे, लबाड आहे, आणि हे सर्व शब्द भामट्याहून लांब नाहीत.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. नव्या संहितेत ठगाचे कलमच नाही. ३१० हा आकडा तेथे दरोड्याकडे गेला आहे, आणि फसवणूक ३१८ व्या कलमात आली आहे. बंगळूरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून ‘फोर ट्वेंटी’च चालते, कोणी कोणाला ‘थ्री एटीन’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.